सगळ्यांची जेवणं झाल्यावर

आज आवाज चढवायचा नाही, असं बाळ्याने जिना चढतानाच ठरवलं असावं. दारात चप्पल काढता काढताच आवाज चढला.

"ताई, त्या कारखान्यात माझी मान खाली गेली. माणसं हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत होती."

"हळू बोल. आई आत जेवतेय," ताई म्हणाली.

"जेवतेय?" त्याच्या मागून धाकटी आत आली. तिच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं भांडं होतं आणि केसांना सलूनमधल्या रंगाचा वास. "आई जेवतेय, तर मग आपण हा दरबार कशाला भरवलाय?"

गुरुवारपासून ताईची जीभ उचलत नव्हती. त्या दिवशी ती प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या तपासत बसली होती, आईजवळ बसणाऱ्या शेजारीणबाईंचा डोळा लागला आणि आई घरातून निघाली. हरवली मात्र नाही. न्हाणीघराची वाट विसरणारी, पोटच्या लेकीला कधी 'बाई' तर कधी 'अगं मुली' म्हणणारी आई दोन चौक ओलांडून नाकासमोर काचेच्या कारखान्यात गेली. तिथल्या कँटीनमध्ये तिने उभं आयुष्य रांधलं होतं. खुंटीवरचा एप्रन बांधून, डाव हातात घेऊन ती दुपारच्या पाळीला वाढायला उभी राहिली. नव्या माणसांना वाटलं, बदलीवर कुणी बाई आली असेल. पाळी उठली, तशी ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि जेवली. इतक्या भुकेने जेवली, की एका जुन्या कामगाराने तिला ओळखून बाळ्याच्या बस डेपोत फोन लावला.

"मुकादम मला काय म्हणाला माहीत आहे?" बाळ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभाच होता. "म्हणाला, साहेब, घरी घालत नाही का हो आईला जेवायला? मी काय सांगणार? माझी बहीण घालते की, अक्रोड मोजून घालते?"

"मोजून नाही घालत," ताई म्हणाली. पण घालत होती.

"अहो, बसून बोला ना जरा," भावजय म्हणाली. ती बिचारी नवऱ्याच्या मागे उभी राहून नणंदेकडे दिलगिरीने बघत होती. या घरात दोन्ही बाजूंकडे दिलगिरीने बघण्याची सवय तिला लग्नापासूनचीच.

टेबलावर ताईने जेवण मांडून ठेवलं होतं. पालकाचं सूप, उकडलेला मासा, घेवड्याची भाजी, थोडा भात. सगळ्यांसाठी तेच. दोन वर्षांपूर्वी आईच्या डोक्याचे फोटो निघाले, आजाराला नाव मिळालं, तेव्हापासून या घरात तेच शिजत होतं. डॉक्टर मोठे समजूतदार गृहस्थ होते. म्हणाले होते, "हा आजार मागे फिरवणारं औषध आमच्याकडे नाही. पण पालेभाज्या, मासे, सुकामेवा असू द्या, गोड आणि तळकट कमी करा. रोज चालवा, हाताला काम द्या, माणसांत ठेवा, सोबत जेवा. झीज कदाचित थोडी सावकाश होईल. सगळ्यांच्यात होतेच असं नाही."

ताईने 'कदाचित' ऐकलं नाही, 'थोडी'ही ऐकलं नाही. तिने ऐकलं ते फक्त 'सावकाश', आणि घरी येईतो मनात त्याचं 'थांबेल' झालं.

त्या संध्याकाळी देवापुढे हात जोडून तिने नेम धरला होता. आईचं डोकं ताळ्यावर येईपर्यंत गोडाला शिवणार नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलेल्या नेमाला बळ राहत नाही, असं तिला वाटे. प्रयोगशाळेत कुणाचा वाढदिवस असला की ती केकचा तुकडा कागदात गुंडाळून शिपाईबाईंना देई. नेम पाळणं तिला जड गेलं नाही. उलट प्रत्येक नाकारलेल्या तुकड्यागणिक आपण आईसाठी काही केलं, असं वाटून तिला शांत झोप लागे.

"परवा वजन केलं ना तिचं?" धाकटीने भांडं टेबलावर ठेवत विचारलं. "किती भरलं?"

"उतरलंय थोडं."

"थोडं म्हणजे?"

"डॉक्टर म्हणाले, फार उतरलंय." ताईचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणाले, डोक्यासाठी पथ्य करताना अंगच राहिलं नाही, तर डोकं राहायचं कशाच्या आधाराने. या आजारात वजन घटणं वाईट. वय झाल्यावर पथ्यापेक्षा पोट मोठं, तूप घाला, साय घाला, आवडतं ते द्या म्हणाले. पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरायचं थांबलं नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल."

"बघ!" बाळ्याने हात उडवले. "म्हणूनच मी म्हणतो. उद्या सकाळी त्या शुश्रूषागृहाच्या बाईंना भेटायचं ठरवलंय मी. तिथे परिचारिका आहेत, वेळच्या वेळी भरवतात. आईची खोली बागेकडे आहे."

"बघूनही आलास? खोलीसकट?"

"मग काय करू? तुझ्या प्रयोगाला टाळ्या वाजवत बसू?"

"बाळ्या, प्रयोग म्हणू नकोस हं," धाकटी मध्ये पडली. आत्ता आत्तापर्यंत ती भावाच्या बाजूला होती. पण बागेकडच्या खोलीचं ऐकून तिचं पारडं हललं. "ताईने केलं म्हणून झालं तरी. तू काय करत होतास? महिन्यातून एकदा येऊन आईला 'ओळख पाहू मी कोण' विचारत होतास. परीक्षा घ्यायला बरे आपण हुशार."

"आणि तू? तू तिचे केस कापायला येतेस तेवढीच."

"केस तरी कापते! तू नखं काप."

भावजयीला हसू आलं आणि ते तिने खोकल्यात लपवलं.

एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. दोन्ही हातांत तिने आपली थाळी धरली होती, जशीच्या तशी भरलेली. ती दारात थांबली आणि चौघांकडे नजर फिरवून म्हणाली,

"हे कुणाचं राहिलंय?"

"तुझंच आहे, आई," ताई नेहमीच्या सवयीने म्हणाली. रोज जेवणाच्या वेळी हेच चाले. गोंगाटात अशा माणसांचं जेवणावरून लक्ष उडतं, असं कुठेतरी वाचून ताईने आईची थाळी आतल्या शांत खोलीत, सगळ्यांच्या आधी वाढायला सुरुवात केली होती. आणि रोज आई ती थाळी घेऊन बाहेर येई आणि हेच विचारी. ताईने डॉक्टरांना एक लक्षण म्हणून ते सांगितलंही होतं. स्वतःची थाळी ओळखत नाही.

"आई गं!" धाकटीने थाळी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि आईला घट्ट मिठी मारली. पुढच्याच क्षणी ती "आई गं" वेगळ्याच सुरात किंचाळली आणि बोट तोंडात घालून मागे सरली. "हे काय टोचलं?"

तिला अडवायला ताई पुढे झाली.

धाकटीने आईला हळूच वळवलं. गाऊनच्या पाठीवर, स्वेटरच्या आत, कापडाची मूठभर चुणी धरून एक मोठी सेफ्टीपिन लावलेली होती. धाकटीने स्वेटर वर केला. खाली आणखी एक. दोन्ही कडांना नवी शिवण होती, बारीक टाक्यांची, त्याच रंगाच्या दोऱ्याने घातलेली. ती शिवण कुणाच्या हातची हे तिथल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं. धाकट्या भावंडांच्या शाळेच्या गणवेशांना ताईने असेच टाके घातले होते.

"ताई," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजातली सगळी थट्टा निघून गेली होती. "हे तू केलंस?"

ताई मान वर करीना.

"म्हणजे तुला दिसत होतं. आम्हाला दिसू नये म्हणून..."

"सैल होत होता गाऊन," ताई म्हणाली. "पायात यायचा. पडली असती." हे खरं होतं आणि खोटंही. पहिल्यांदा कड आत घेतली ती आई अडखळू नये म्हणूनच. दुसऱ्यांदा घेतली ती बाळ्या येणार होता त्याच्या आदल्या दिवशी. सुई ओवताना आपण काय करतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं; तरी फोनवर तिने भावाला सांगितलं होतं, "आई अगदी हलकी झालीय रे, चपळ."

शरमेने तिचे कान तापले. बाळ्या ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो ओरडला नाही. तो नुसता त्या पिनेकडे बघत राहिला. भावजयीने खाली बघितलं. आणि आई, जिच्यावरून हे सगळं चाललं होतं, ती टेबलावरच्या थंड होत चाललेल्या जेवणाकडे बघून कपाळाला आठी घालत होती.

"आपण तिला आवडतं ते देऊ," भावजय हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले ना. काय आवडतं आईंना?"

"अंड्याची पोळी," बाळ्या म्हणाला.

"ती तुला आवडते," धाकटी म्हणाली. "तिला कस्टर्ड आवडतं. म्हणूनच तर मी आणलंय."

"कस्टर्ड तुझं. तापात तुला करून द्यायची ती."

"मग ताई, तू सांग. तू थोरली."

ताईने तोंड उघडलं आणि तिला आठवलं ते एवढंच, की आईच्या हातचं वांग्याचं भरीत आपल्याला आवडायचं. ती आठवणीत आईचा जेवणारा चेहरा शोधू लागली. वाढणारा सापडला, पुसणारा सापडला, "अजून घे" म्हणणारा सापडला. घास तोंडात असलेला एकही सापडला नाही. तिघंही पन्नाशीच्या आगेमागे आलेली, आणि तिघांनी आपल्या आईला जेवताना पाहिलेलं नव्हतं. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

तेवढ्यात खण्ण करून आवाज झाला. पुन्हा एकदा खण्ण. आईने सुपाच्या पातेल्याच्या काठावर डाव आपटला होता.

"उभे काय राहिलात? बसा, बसा! पाळी संपत आली."

कँटीनमधला तिचा हा आवाज मुलांनी लहानपणी कारखान्याच्या फाटकाबाहेरून ऐकला होता. तो ऐकून बस डेपोतली सगळी वाहनं ज्याच्या शिट्टीवर हलतात तो बाळ्या मुकाट खुर्ची ओढून बसला. धाकटी बसली. भावजय बसली. ताई उभी राहिली, तशी आईने डाव तिच्याकडे रोखला.

"तुम्ही नव्या का, बाई? नव्यांनाही पोट असतं. बसा."

ताई बसली.

आईने वाढायला घेतलं. हात थरथरत नव्हता, सूप सांडत नव्हतं. बाळ्याला जास्त वाढलं, "भट्टीवरचे ना तुम्ही? मग खा की." धाकटीला म्हणाली, "केस बांध आधी, सुपात पडतील." सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने टॉवेल सोडून भांडं उघडलं, आत बोट बुडवून चाटून बघितलं, मान हलवली आणि चार वाडग्यांत कस्टर्डही वाढलं. मग पदार्थांकडे पाठ फिरवून, हात पुसत, ती त्यांच्या थाळ्यांकडे बघत उभी राहिली.

"खा रे बाबांनो," धाकटी पुटपुटली. "नाही तर मार बसेल."

सगळे खाऊ लागले. सूप अळणी होतं. बाळ्याने एक घोट घेतला, ताईकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता, पण गिळलं. सूपही आणि बोलणंही. आई एकेकाची थाळी रिकामी होईतो थांबे, ती उचले, खरकटं बघे, ओट्यावर एकावर एक रचून ठेवी. भावजयीची थाळी. धाकटीची. बाळ्याची, त्याने दुसऱ्यांदा भात घेतल्यावर. त्यांचे कस्टर्डचे वाडगेही गेले.

ताईची थाळी रिकामी झाली. वाडगा तसाच होता.

आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. वाट बघू लागली. कस्टर्डवर पिवळी, मऊ साय धरली होती.

"आई, मला पुरे," ताई म्हणाली. "तू जेव आता. बैस ना."

आईने मान हलवली. ओट्यावरच्या थाळ्यांकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं, आणि अगदी तक्रार न करता, रोजच्यासारखंच विचारलं,

"हे कुणाचं राहिलंय?"

तेव्हा कुठे ताईच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो असा पडला की तोंड लपवायला जागा उरली नाही. शेवटची थाळी रिकामी होऊन परत आल्याशिवाय कँटीनची बाई जेवत नसे. आईच्या हिशेबी तो नियम कारखान्याइतकाच घरचाही होता. आणि आपण रोज, सगळ्यांच्या आधी, बंद खोलीत, तिच्यापुढे भरलेली थाळी ठेवत होतो. कुणाचं तरी राहिलंय या काळजीने ती घरभर फिरत होती. ती आपली थाळी विसरली नव्हती. आपण, तिची लेक, अजून जेवलो नाही, हे तिच्या लक्षात होतं.

"ताई, खा ना," धाकटी कुजबुजली. "ती थांबलीय."

"नाही खाता येत."

"का?"

सांगितलेल्या नेमाला बळ राहत नाही. ताईने तिघांकडे बघितलं. "नेम आहे माझा," ती म्हणाली. "आई बरी होईतो गोड खाणार नाही, असा."

बाळ्याने काही क्षण तिच्याकडे बघितलं. तो वाईट बोलला नाही; फार तर थकून बोलला. "मग तिलाही तोच लावलास होय?"

ताईला वाटलं, आपल्याला कुणी इतकं नीट पाहिलेलंच नव्हतं. गोड आपण सोडलं होतं. उपास आईला घडला होता. तिच्या पोटावर आपण पुण्य साठवत होतो आणि वर टाके घालत होतो.

तिने चमचा उचलला. मनातल्या मनात देवाची क्षमा मागावी असं आलं, पण कशाची मागायची हे ठरेना. नेम मोडतोय त्याची, की धरला होता त्याची. पहिला घास तोंडात घातला. इतकं गोड काही तिने किती तरी काळात चाखलं नव्हतं, आणि ते चांगलं लागलं, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. डोळ्यांतलं पाणी वाडग्यात पडलं. आई उभी होती.

"तळाशी आहे अजून," आई म्हणाली.

ताईने वाडगा खरवडून खाल्ला.

आईने तो घेतला, थाळ्यांवर ठेवला, फडक्याने ओटा पुसला. मग भिंतीकडे तोंड केलं. पातेल्यातलं उरलेलं सूप तिने भातावर ओतलं, मासा कुस्करला, आणि उभ्यानेच जेवू लागली. आधी सावकाश, मग भराभर. स्वेटरखालचा पिनेचा उंचवटा दर घासागणिक वरखाली होत होता. चौघं बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिला ते जाणवलं असावं. तोंडात घास असताना ती वळली, गालावर हात धरून, चोरी सापडल्यासारखी.

"बघता काय? जा कामाला!"

सगळ्यात आधी उठली ती भावजय. एकामागून एक चौघंही बाहेरच्या अरुंद गॅलरीत गेली आणि कामावरून काढून टाकलेल्या माणसांसारखी भिंतीला टेकून उभी राहिली. दार ओढलेलं होतं. आतून चमच्याचा आवाज येत होता.

"गाऊन मी उसवते," ताई म्हणाली. "आजच. आणि डॉक्टरांना खरं काय ते सांगते."

कुणी 'असू दे' म्हटलं नाही. तिलाही ते नको होतं.

"एकट्या तुझं जेवण म्हणजे पाळी नाही तिच्या लेखी," धाकटी म्हणाली. "चार थाळ्या दिसायला हव्यात. सोमवारी सलून बंद असतं माझं. मी येईन."

"मी रोज येऊ शकते," भावजय म्हणाली, आणि आपण नवऱ्याला न विचारताच बोललो, हे लक्षात येऊन लाल झाली.

बाळ्या पायाच्या अंगठ्याने फरशीची कड घासत होता. "हे फार दिवस चालणार नाही, ताई. आजार थांबणार नाहीये. एक दिवस तिला हेही आठवणार नाही."

"माहीत आहे."

"ती खोली कधीतरी लागेल आपल्याला."

"माहीत आहे रे."

बाळ्याने खिशातून फोन काढला आणि पाठ फिरवली. "नमस्कार बाई. उद्याचं जरा राहू द्या. नाही, नाही, तब्येत ठीक आहे. उद्या दुपारी आईकडे जेवायला आहोत आम्ही."

फोन ठेवून तो वळला. "सुपात मीठ घाल मात्र," तो म्हणाला. "भट्टीवरच्या माणसाला असलं चालत नाही."

धाकटी हसली. ताईला हसता आलं नाही. तिच्या जिभेवर अजून गोड होतं, आणि ते तिने पाण्याने धुऊन टाकलं नाही. आत चमचा पातेल्याच्या तळाशी लागला, खरवडल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. ती दाराशी कान लावून उभी राहिली. आत जायचा तिला धीर होईना.